आईला घेऊन पुण्यात चार रात्री: चेन हॉटेलमधली रूम कशी मागून घ्यायची

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत, रुबी हॉल हॉस्पिटलला तपासणी आणि फिजिओ आहे, त्यासाठी लातूरहून चार रात्री पुण्यात यायचंय, बाबा पण सोबत आहेत. बजेट रूममागे चार ते सहा हजार, मधल्या रेंजचं चेन हॉटेल बघताय. मागच्या वेळी अशाच एका हॉटेलात आई दोन्ही रात्री झोपल्या नाहीत, बाथरूममध्ये पाय घसरता घसरता वाचला, म्हणून आता विचारताय की दीड हजार जास्त भरून वरची कॅटेगरी घ्यावी का, की चेन हॉटेलात रूम सगळ्या सारख्याच असतात.

मी एकोणीस वर्षं हाऊसकीपिंगमध्ये आहे. सुरुवात मुंबईत अंधेरीला रूम साफ करण्यापासून केली, मग सुपरवायझर, आता आठ वर्षं पुण्यात डिपार्टमेंट बघते. त्यामुळे सरळ सांगते, कॅटेगरीला जास्त पैसे भरू नका, रूम नंबर बघून मागा. रूम कागदावर सारख्या असतात, झोपायला सारख्या नसतात. एकाच हॉटेलात एकाच मजल्यावर एकाच भाड्याच्या दोन रूम असतात, एकीत माणूस सकाळी आठपर्यंत गाढ झोपतो आणि दुसरीत पाच वाजता उठून बसतो, आणि हे आमच्या प्रत्येक रूम बॉयला पाठ असतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

सारख्या दिसतात त्याचं कारण आहे. चेनचा धंदाच त्यावर उभा आहे की गावं बदलली तरी पलंग, दिवा, नळ तोच मिळेल. १९५२ साली अमेरिकेत मेम्फिसला केमन्स विल्सननं पहिलं हॉलिडे इन काढलं ते याच विचारानं, युरोपात १९७४ ला बोर्दोला आयबिस आलं, आणि आपल्याकडे २००४ मध्ये बंगलोरला टाटांचं इंडिवन सुरू झालं ज्याचं पुढे जिंजर झालं, त्याच वर्षी गुडगावला लेमन ट्री. या सगळ्यांकडे ब्रँड स्टँडर्ड नावाची जाड फाईल असते, त्यात गादी किती इंच, टॉवेल किती ग्रॅमचा, बेडशीटचा थ्रेड काउंट किती हे सगळं लिहिलेलं असतं. पण भिंतीपलीकडे काय आहे हे त्या फाईलीत नसतं. ते त्या इमारतीचं असतं.

मला हे एका रात्रीत कळलं. मुंबईतल्या एका हॉटेलात होते तेव्हा, चौथ्या मजल्यावरच्या एका रूमची सारखी तक्रार यायची की रात्री टक टक होतं. इंजिनिअरिंगवाले येऊन एसी बघायचे, नळ बघायचे, काही सापडायचं नाही, कारण ते यायचे दुपारी. माझ्या मॅडम म्हणाल्या तू आज तिथे झोप. झोपले. रात्री काही नाही, आणि पहाटे पाच चाळीसला डोक्याच्या मागूनच धड् असा आवाज, मग चाकं घसपटत गेल्याचा आवाज, मग परत धड्. पलंगाच्या डोक्याकडची भिंत आणि सर्व्हिस लिफ्टची लँडिंग एकमेकांना चिकटून होती, लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यात बोटभर फरक, सकाळच्या शिफ्टची चादरी-टॉवेलची प्रत्येक ट्रॉली त्या बोटभर पायरीवरून आदळत होती. दुसऱ्या दिवशी तिथे उताराची पट्टी ठोकली आणि ट्रॉलीला रबरी चाकं घातली, तक्रार संपली. पण त्याआधी वर्ष दोन वर्षं ती रूम पूर्ण भाड्यानं विकली जात होती, आणि त्यात झोपलेली माणसं आपल्याला नवीन जागेत झोप लागत नाही असं समजून घरी गेली असणार. तेव्हापासून मी कुठल्याही हॉटेलात जॉईन झाले की पहिल्या महिन्यात आठ-दहा रूममध्ये स्वतः झोपून बघते.

म्हणून आवाजाचं आधी. जागतिक आरोग्य संघटनेनं झोपायच्या खोलीत रात्री सरासरी ३० डेसिबल आणि मधेच येणारा एखादा आवाज ४५ च्या आत असावा असं म्हटलंय, शहरातल्या मधल्या हॉटेलात हे जमणं अवघड असतं पण जवळ जाता येतं. टाळायच्या रूम अशा: लिफ्टला लागून, पँट्रीला लागून (पँट्री म्हणजे मजल्यावरची आमची छोटी खोली जिथे ट्रॉली, चादरी, पाणी ठेवतो, तिथे सकाळी सहापासून बादल्या वाजतात), जिना किंवा फायर डोअरच्या शेजारी कारण ते दार आपोआप धाडकन बंद होतं, बँक्वेट हॉलच्या बरोबर वरचा मजला, आणि सगळ्यात वरचा मजला जर गच्चीवर कूलिंग टॉवर किंवा एसीची मोठी युनिट असतील तर. लग्नसराईत बँक्वेटचा प्रश्न खरंच मोठा असतो. उघड्यावर दहानंतर लाऊडस्पीकर बंद असा नियम आहे, पण हॉलमधल्या बासचा धक्का स्लॅबमधून वर येतो आणि वरात पोर्चमध्येच नाचते. तुमच्या तारखांना हॉटेलात लग्न आहे का हे फोनवर सरळ विचारा, खोटं सहसा सांगत नाहीत.

पुण्याचं म्हणाल तर विमाननगर, नगर रोडच्या बाजूला बरीच चेन हॉटेलं आहेत आणि तुम्हाला ती सोयीचीही पडतील, कारण मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत मेट्रो सुरू आहे, रामवाडीहून रुबी हॉल स्टेशन त्याच लाईनवर आहे, स्टेशनला लिफ्ट आहे, आईंना गर्दीच्या वेळी रिक्षात धक्के खायला नकोत. पण लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ पण आहे, सुखोई उडतात, आणि प्रवासी विमानं रात्री उशिराही असतात. काच डबल असेल तर विमान बरंच सहन होतं, सिंगल काच असेल तर नाही. रस्त्याच्या बाजूची रूम नको, आतल्या बाजूची द्या म्हणा, व्ह्यू नसेल, समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत असेल, चालेल. त्या भिंतीकडे बघायला तुम्ही आलेला नाहीत. आणि वरच्या कॅटेगरीत जास्त पैसे बहुतेक वेळा या व्ह्यूचे, वरच्या मजल्याचे आणि एखाद्या सोफ्याचेच असतात, गादी तीच, एसी तोच, बाथरूम तेच. रूमचा आकार खरंच मोठा असेल, म्हणजे १८० ऐवजी २५० चौरस फूट, तरच विचार करा, कारण आईंचा वॉकर असेल तर पलंगाच्या बाजूनं वळायला जागा लागते. आणि एक हिशोब डोक्यात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून रूमचं भाडं रात्रीला साडेसात हजारापर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७४०० ची रूम तुम्हाला ७७७० ला पडते आणि ७६०० ची ८९६८ ला. गर्दीच्या दिवसांत भाडी चढतात तेव्हा वरची कॅटेगरी घेऊन माणूस नकळत या रेषेपलीकडे जातो.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे लोकांना माहीतच नसतं. बहुतेक चेन हॉटेलात एक-दोन रूम अपंग किंवा व्हीलचेअरवरच्या पाहुण्यांसाठी बनवलेल्या असतात, आम्ही तिला ॲक्सेसिबल रूम म्हणतो. भाडं साधारण स्टँडर्डचंच. तिचं दार रुंद, साधारण ९० सेंटीमीटर, बाथरूमला उंबरा नाही, शॉवरला काचेचा डबा नाही, कमोडच्या बाजूला धरायला दांडा आणि कमोडची उंची ४५ ते ४८ सेंटीमीटर. साधा कमोड ४० च्या आसपास असतो, आणि ज्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याला हा पाच-सात सेंटीमीटरचा फरक किती असतो ते आईंनाच विचारा, खाली बसताना नाही पण उठताना. या रूम वर्षातले बरेच दिवस साध्या पाहुण्यांना दिल्या जातात, कारण मागणारा कोणी नसतो. बरेच लोक म्हणतात अहो आमची आई काही अपंग नाही. नसू दे ना. ऑपरेशन झालेला गुडघा आहे, तेवढं कारण पुरेसं आहे, आमच्याकडचं कोणी सर्टिफिकेट मागत नाही. ती रूम बहुतेकदा लिफ्टच्या जवळ असते, कारण चालायला कमी पडावं, म्हणजे वर मी लिफ्टचा आवाज म्हटलं ते इथे थोडं सोसावं लागेल. मी तुमच्या जागी असते तर आवाज सोसला असता आणि बाथरूम घेतलं असतं. कानात कापसाचा बोळा घालता येतो.

ती रूम नाहीच मिळाली तर साध्या बाथरूममध्ये काय करायचं ते सांगते. आधी बघा की शॉवरची जागा खाली एका पातळीत आहे की चार इंच उंच ट्रे आहे, ट्रे असेल तर रूम बदलून मागा, एकाच हॉटेलात दोन्ही प्रकार असू शकतात. मग हाऊसकीपिंगला फोन करून बादली, मग्गा, प्लास्टिकचं स्टूल आणि रबरी मॅट मागा. बादली-मग्गा आता बऱ्याच चेननी रूममधून काढून टाकलेत पण पँट्रीत प्रत्येक मजल्यावर ठेवलेले असतात, कारण निम्मे पाहुणे मागतातच. मागायला लाजू नका. आपल्या घरची माणसं स्टुलावर बसून बादलीतून अंघोळ करतात, उभं राहून शॉवरखाली तोल सांभाळायची त्यांना सवय नाही, आणि पडण्याच्या ज्या दोन-चार घटना मी बघितल्या त्या सगळ्या शॉवरखालच्या साबणाच्या पाण्यावरच्या, एकही बादलीशेजारची नाही. मॅटखालच्या रबरी वाट्या फरशीला घट्ट बसल्यात का ते पायानं ढकलून बघा, जुनी झाली की मॅटच घसरते आणि ती नसलेली बरी.

गरम पाण्याकडे लक्ष द्या. मोठ्या हॉटेलात गिझर नसतो, खाली मोठी टाकी असते आणि त्यात पाणी ६० डिग्रीला ठेवतात, कारण त्याखाली कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो. १९७६ ला फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या अधिवेशनात माणसं न्यूमोनियानं दगावली तेव्हा तो पहिल्यांदा सापडला, आणि आमच्या ट्रेनिंगमध्ये तो धडा अजून पहिल्या दिवशी शिकवतात. पण ६० डिग्रीचं पाणी अंगावर आलं तर काही सेकंदांत भाजतं. एका दांडीचा मिक्सर असतो तो म्हाताऱ्या माणसांना उलगडत नाही, डावीकडे फिरवला की एकदम कढत. तुम्ही आधी जाऊन बादलीत पाणी काढून द्या, निदान पहिल्या दिवशी. पाणी गरम यायला वेळ लागतो म्हणून मिक्सर पूर्ण डावीकडे ठेवून कोणी त्याखाली उभं राहू नये, शेवटच्या टोकाच्या रूममध्ये दोन मिनिटं थंड येतं आणि मग एकदम येतं.

रूममध्ये शिरल्या शिरल्या कुबट किंवा गटारीसारखा वास आला तर लोक रूम घाण आहे म्हणून चिडतात. बहुतेक वेळा ती घाण नसते. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्याच्या वाकात पाणी साठून राहतं आणि तेच पाणी खालचा वास अडवतं, रूम आठवडाभर रिकामी राहिली, एसीची कोरडी हवा फिरली, की ते पाणी सुकतं. जाळीत दोन मग्गे पाणी ओता, नळ दोन मिनिटं सोडून ठेवा, पंधरा मिनिटांत वास जातो. तरी गेला नाही तर मात्र भिंतीत ओल आहे किंवा कार्पेट भिजलंय, तिथे थांबू नका, रूम बदला, रूम फ्रेशनर मारून देतो म्हणाले तरी बदला. कार्पेटचं निघालं म्हणून, वॉकर किंवा काठी असेल तर कार्पेट नसलेली रूम मागा, विनाइल किंवा लाकडी दिसणारी फरशी असलेली. आता नव्या हॉटेलांत तीच असते.

गादी. तुम्ही लिहिलंय की आईंना मऊ गादीवर कंबर भरून आली. चेनमध्ये साधारण आठ इंची स्प्रिंगची गादी आणि काही ठिकाणी वर मऊ टॉपर असतो. पलंगाच्या कडेला बसून बघा, बसल्यावर कड खाली दबून मांड्या उतरत्या झाल्या तर ती गादी कडेनं गेलीये, आईंना त्यावरून उठताना गुडघ्यावर सगळा जोर येणार. चांगल्या हाऊसकीपिंगमध्ये दर तीन महिन्यांनी गादी फिरवतात, डोक्याची बाजू पायाकडे. तुम्हाला खात्री करायची तर पायाकडच्या कोपऱ्यातली चादर जरा वर करा, गादीच्या कोपऱ्यावर मार्करनं आकडा किंवा महिना लिहिलेला दिसतो, कुठला आकडा कुठल्या तिमाहीत पायाकडे यायला हवा असा तो हिशोब असतो. आकडाच नसेल किंवा मधे खड्डा दिसत असेल तर गादी कोणी फिरवत नाही. कडक हवी असेल तर फोन करून दोन गोष्टी मागा, टॉपर काढून द्या म्हणा आणि बेड बोर्ड आहे का विचारा. बेड बोर्ड म्हणजे गादीखाली सरकवायची प्लायची फळी, बऱ्याच हॉटेलांकडे स्टोअरमध्ये दोन-तीन पडलेल्या असतात, वर्षानुवर्षं कोणी मागत नाही. उशा पण बदलून मिळतात, गुडघ्याखाली किंवा पोटरीखाली ठेवायला एक-दोन जादा घ्या, डॉक्टरांनी पाय कसा ठेवायला सांगितलाय त्याप्रमाणे.

स्वच्छतेचं थोडक्यात. चादर, उशीचा अभ्रा आणि दुलईची खोळ प्रत्येक पाहुण्यानंतर बदलते. पलंगाच्या पायाशी जी रंगीत पट्टी आणि शोभेच्या उशा असतात त्या रोज धुतल्या जात नाहीत, आल्या आल्या त्या उचलून खुर्चीवर ठेवा. ब्लँकेटही रोज धुतलं जात नाही, म्हणून ते दोन चादरींच्या मधे घालायची पद्धत आहे, तशी नसेल तर जादा चादर मागून घ्या. ढेकूण बघायचे तर मोबाईलचा टॉर्च लावून गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे काळे बारीक ठिपके आहेत का बघा, तोवर बॅगा बाथरूममध्ये राहू द्या. दिसले तर शेजारची रूम घेऊ नका, दुसऱ्या मजल्यावरची घ्या, ढेकूण भिंतीतून शेजारी जातात.

एसीबद्दल आई-बाबांच्या पिढीची एक अडचण असते की त्यांना एसी बंद हवा आणि पंखा हवा, आणि मधल्या चेनमध्ये बऱ्याच रूमला पंखाच नसतो, खिडकी उघडत नाही, एसी बंद केला की तासाभरात घुसमट होते. एसी बंद करू नका, २६ वर ठेवा आणि त्याच्या पंख्याचा स्पीड सगळ्यात कमी करा. १६ वर ठेवल्यानं रूम लवकर थंड होत नाही, हे समजून घ्या, सेंट्रल एसीत वरच्या जाळीत थंड पाण्याची नळी येते, तो व्हॉल्व्ह एकतर उघडा असतो नाहीतर बंद, १६ ला तो फक्त बंदच होत नाही आणि पहाटे माणूस गारठतो. हवेचा झोत पलंगाच्या कुठल्या बाजूला पडतोय ते हात वर करून बघा आणि आईंना दुसऱ्या बाजूला झोपवा. पुण्यात थंडीत काही हॉटेलं चिलर (एसीचं पाणी थंड करणारं मशीन) कमी चालवतात, तेव्हा रूम कोंदट वाटली तर एसी बिघडलाय असं न म्हणता फ्रेश एअर (बाहेरची ताजी हवा आत सोडणारी सोय) चालू आहे का विचारा, इंजिनिअरिंगवाला लगेच समजून घेतो.

आणि कार्ड. दाराशेजारच्या खाचेत घातलेलं रूमचं कार्ड काढलं की लाईट, एसी सगळं बंद होतं. तुम्ही औषधं आणायला कार्ड घेऊन खाली गेलात की आई-बाबा अंधारात. एका दुपारी आमच्याकडे एक आजोबा पाऊण तास अंधारात बसून होते, मुलगा कार्ड घेऊन गेला होता, त्यांना वाटलं लाईट गेलीये, येईल. सप्टेंबरची उकाड्याची दुपार होती, एसी बंद, रूम बॉय टॉवेल द्यायला गेला म्हणून कळलं. त्याचा मला आजही त्रास होतो, कारण चेक-इन करताना आमच्या माणसानं एक वाक्य बोललं असतं तर झालं नसतं. म्हणून पहिल्यांदाच दोन कार्डं मागा, एक खाचेत कायमचं राहू द्या. रात्री बाथरूमचा लाईट चालू ठेवून दार चार बोटं उघडं ठेवा, जाड पडद्यांमुळे रूम पूर्ण काळोखी होते आणि नवीन जागेत रात्री उठल्यावर माणसाला दिशा कळत नाही. पलंगाशेजारी मास्टर स्विच असतो, तो चुकून दाबला की सगळंच बंद होतं, त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून टाका.

बाबांना इन्सुलिन आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. रूममधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका. त्यातले बरेच आवाज न करणारे असतात, पण २ ते ८ डिग्रीत टिकत नाहीत, दुपारी बारा-तेरापर्यंत चढतात, आणि काही ठिकाणी कार्डाबरोबर तेही बंद होतात. न उघडलेली पेनं किचनच्या किंवा रेस्टॉरंटच्या फ्रिजमध्ये नाव आणि रूम नंबर लिहून ठेवायला द्या, आम्ही नेहमी ठेवतो, ड्युटी मॅनेजरला सांगितलं की तो रजिस्टरला लिहून घेतो. फिजिओनंतर गुडघा शेकायला बर्फ लागेल, तो पण किचनमधून मिळतो, जाड प्लास्टिकची पिशवी आणि हात पुसायचा छोटा टॉवेल सोबत मागा.

दोन रूम घ्यायच्या का एकात तिघं, हे विचारलंय. एकात तिसरा पलंग टाकला की मधल्या हॉटेलाच्या रूममध्ये वॉकर फिरतच नाही, त्यामुळे बजेट जमत असेल तर दोन घ्या. इतर कोणालाही मी सांगते की मधे दार असलेली कनेक्टिंग रूम घेऊ नका, शेजारचं घोरणं आणि टीव्ही दाराखालच्या फटीतून येतो. तुम्हाला उलट सांगते, मुद्दाम कनेक्टिंग मागा. दोन्ही बाजू तुमच्याच, मधलं दार उघडं ठेवा, रात्री आईंनी हाक मारली तर ऐकू येईल. फक्त ॲक्सेसिबल आणि कनेक्टिंग दोन्ही एकत्र क्वचितच असतं, तेव्हा ॲक्सेसिबल रूम आणि तिच्या समोरची नाहीतर शेजारची असं सांगा.

हे सगळं मागायचं कधी आणि कोणाकडे, इथेच लोक चुकतात. बुकिंग साईटवरच्या त्या चौकटीत लिहून सोडून देऊ नका, ते कधी वाचलं जातं, कधी नाही. येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी चार-साडेचारला हॉटेलच्या नंबरवर फोन करा, तोवर चेक-आउटची आणि दोनच्या चेक-इनची गर्दी ओसरलेली असते आणि दुसऱ्या दिवशीच्या रूम अजून ब्लॉक व्हायच्या, म्हणजे कोणाला कुठली ते ठरायच्या, असतात. बुकिंग नंबर द्या आणि म्हणा, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ॲक्सेसिबल रूम हवी, नसेल तर उंबरा नसलेला शॉवर, आतली बाजू, पँट्रीपासून लांब, रूममध्ये बादली, मग्गा, स्टूल, मॅट आधीच ठेवा, आणि हे रिमार्कला टाकून मला रूम नंबर सांगा. नंबर सांगा म्हटलं की समोरच्याला स्क्रीनवर रूम ब्लॉक करावीच लागते, नुसतं बघतो सर म्हणून फोन ठेवता येत नाही. आणि त्यांना बोलतं करायचं तर म्हणा, एकदा हाऊसकीपिंगला विचारून सांगा या रूममध्ये झोप चांगली लागते का. माझ्या डेस्कवर असा फोन आला की मला खरंच आनंद होतो, कारण उत्तर मला माहीत असतं.

शक्य असेल तर दुपारी पोचा, रात्री अकराला आलात तर उरलेली रूम मिळते. सकाळी नऊला पोचणार असाल तर तेही आधीच सांगा, एक रूम बॉय दिवसाला चौदा-सोळा रूम करतो, रिकामी झालेली रूम नीट करायला अर्धा-पाऊण तास लागतो, आधी माहीत असेल तर तुमची रूम त्याच्या यादीत पहिली घालता येते. रूम दाखवा, मग सही करतो, असं म्हणायला हरकत नाही, तुम्ही बघून या आणि आई-बाबांना तोवर लॉबीत बसू द्या. पसंत पडली नाही तर बॅगा उघडायच्या आत सांगा, पलंगावर बसल्यावर, टॉवेल वापरल्यावर ती रूम परत पूर्ण करावी लागते आणि समोरचा माणूस आडमुठा होतो.

आणि आई वॉकर घेऊन येणार की काठी, तेही फोनवरच सांगून ठेवा. बऱ्याच हॉटेलात पोर्चमधून लॉबीत यायला समोर तीन पायऱ्या असतात आणि रॅम्प बाजूला असतो जो नवीन माणसाला दिसत नाही, आधी माहीत असलं की बेल बॉय व्हीलचेअर घेऊन गाडीच्या दारापाशीच उभा राहील.